पाहुणी, भाडेकरू की घरची मुलगी?

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका आईने आम्हाला थांबवले. तिची मुलगी पुण्याला शिकते. दोन वर्षे ती जपानी भाषा शिकत आहे आणि आता सहा महिन्यांसाठी जपानमधल्या एका महाविद्यालयात जाणार आहे. तिकडे वसतिगृह नाही. राहायचे एका जपानी कुटुंबात, त्यांच्याच छपराखाली, त्यांच्याच पंक्तीला. विमानाचे तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे यांची त्या माउलीला फारशी काळजी नव्हती. ते सगळे मुलगी पाहून घेईल, असे ती म्हणाली. तिचा प्रश्न वेगळा होता. "आमचा चेडू थंय कोण म्हणान रवतला?"

आम्ही हसून "देवाचे लेकरू म्हणून" असे काहीसे उत्तर दिले. चर्चच्या पायरीवर असली उत्तरे चटकन सुचतात. घरी जाता जाता मात्र जाणवले की आम्ही प्रश्नाला बगल दिली. त्या बाईला धीर नको होता, तिला खरोखर उत्तर हवे होते. म्हणून आज या पानावर तो प्रश्न पुन्हा हाती घेत आहोत.

भाडेकरूचे नाते सोपे असते. महिन्याचे पैसे दिले की दोन्ही बाजू मोकळ्या. पाहुण्याचेही सोपे, कारण पाहुणा चार दिवसांचा. चार दिवस यजमान आपल्या घरातली भांडणे झाकून ठेवतो, चांगली चादर काढतो, आणि पाहुणाही आवडले नाही तरी ताटातले संपवतो. घरची मुलगी म्हणावे, तर तिला रुसण्याचा हक्क असतो आणि भांडी घासण्याचे कामही असते. सहा महिने हा काळ पाहुणीला फार मोठा आणि मुलगी होण्याला फार लहान. आईची अडचण नेमकी इथे होती.

तोंडवली-तळाशीलच्या माणसांना हा प्रश्न अगदीच परका नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी, अशा आपल्या गावात पूर्वी बाहेरचा माणूस आला तर तो कोणाचा तरी सोयरा असायचा. आता मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात. घरांवर निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या आहेत. पर्यटक मासळीचे जेवण जेवतो, सोलकढी पुन्हा मागून घेतो, सकाळी घावणे खाऊन बिल देतो आणि निघतो. यात वावगे काही नाही. धंदा प्रामाणिकपणे केला तर तो चांगलाच असतो. पण कधीतरी एखादे कुटुंब पावसामुळे दोन दिवस जास्त राहते, त्यांचे मूल आपल्या मुलांबरोबर अंगणात खेळते, त्यांची आजी आपल्या आजीजवळ बसून गुडघ्यांच्या दुखण्याविषयी बोलते. मग हिशेब करताना घरमालकिणीचा हात जरा अडखळतो. पैसे तर घ्यायचे असतातच. पण त्या दोन दिवसांत जे झाले त्याची किंमत कशी लावायची, हे तिला समजत नाही.

जपानमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना घरात ठेवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी त्यांना खर्चापुरते पैसे मिळतात, काही ठिकाणी तेही नाहीत. घर बहुधा लहान असते आणि घराची शिस्त मोठी. दारातच पादत्राणे काढायची, आणि ती बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट लावून ठेवायची. संडासात जाताना निराळ्या सपाता. सर्वांत अवघड गोष्ट न्हाणीघराची. तिथे आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचे, कारण त्याच पाण्यात घरातली सगळी माणसे एकामागून एक बसणार असतात. पाहुण्याला पुष्कळदा पहिला मान मिळतो. नवखा विद्यार्थी आंघोळ झाली की आपल्याकडच्या सवयीने टाकीचे बूच काढून पाणी सोडून देतो, आणि घरातले बाकीचे कोरडे राहतात. अशी फजिती झाली तरी यजमान बहुधा काही बोलत नाहीत. न बोलणे हाही तिथल्या पाहुणचाराचा भाग आहे, आणि त्यामुळे पाहुण्याला आपली चूक उशिरा कळते.

एक गोष्ट मात्र आपल्याला अगदी जवळची वाटेल. जपानी माणूस घरातून बाहेर पडताना 'इत्तेकिमासु' म्हणतो. शब्दशः त्याचा अर्थ 'जाऊन येतो'. आपल्याकडेही घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, म्हातारी माणसे लगेच दटावतात. 'येतो' म्हणायचे. परत आल्यावर जपानी मूल दारातूनच 'तादाइमा' म्हणते, म्हणजे 'आत्ता आले', आणि आतून 'ओकाएरी' असे उत्तर येते. हे शब्द पर्यटकाचे नाहीत. ते घरच्या माणसाचे शब्द आहेत. आपली तोंडवलीची मुलगी पहिल्या संध्याकाळी ते म्हणेल तेव्हा ते पुस्तकातले असतील. पुढे केव्हा तरी ते खरे होतील का, आणि व्हायचे असतील तर तिने काय करायला हवे?

जपान आणि आपला किनारा यांच्यात अशी देवघेव पूर्वी झालेली आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या माणसाने केली. 2024 च्या नोव्हेंबरपासून जानेवारी 2025 पर्यंत जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन झाले, तेव्हा आपल्यातले बरेच जण रांगेत उभे राहून आले. त्या रांगेत आपण त्यांना थोर धर्मप्रसारक म्हणून आठवतो. ते एका जपानी घरात राहिलेले पाहुणे होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

गोष्ट सुरू होते ती उलट बाजूने. कागोशिमा बंदरातला अंजिरो नावाचा एक माणूस हातून खून घडल्यामुळे पोर्तुगीज जहाजातून पळाला होता. मनाला शांती नव्हती. 1547 च्या डिसेंबरात मलाक्का येथे त्याची झेवियरशी गाठ पडली. त्यांनी त्याला गोव्याला पाठवले. तिथे संत पॉल कॉलेजात तो पोर्तुगीज शिकला, धर्मशिक्षण घेतले आणि 1548 च्या पेंटेकॉस्टच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळाले पॉल. म्हणजे परक्या देशात, परक्या भाषेत, दुसऱ्याच्या छपराखाली शिकणारा पहिला विद्यार्थी जपानहून आपल्याकडे आला होता.

पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1549 रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी झेवियर कागोशिमाला उतरले. बरोबर फादर कॉस्मे द तोरेस, ब्रदर हुआन फर्नांडिस आणि अंजिरो. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ, 1550 च्या ऑक्टोबरपर्यंत, अंजिरोच्या कुटुंबाने त्यांना सांभाळले. झेवियर तेव्हा 43 वर्षांचे होते. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेले आणि तिथे शिकवलेले. गोव्यापासून मोलुकास बेटांपर्यंत हजारो लोकांनी त्यांचे ऐकले होते. आणि इथे त्यांना पाणी मागता येत नव्हते. लोक आपल्याविषयी बोलत असतात आणि आपण मात्र त्यांच्यात पुतळ्यासारखे उभे असतो, अशा अर्थाचे त्यांनी त्या नोव्हेंबरच्या पत्रात लिहिले आहे. भाषेच्या बाबतीत लहान मुलांसारखे व्हावे लागले, हेही ते सांगतात. त्याच पत्रात जपानी लोकांची मनापासून स्तुती आहे: त्यांचा मान, त्यांचे अगत्य, त्यांचे साधे जेवण. भात, भाजी, कधी मासळी. आणि तरीही माणसे निरोगी, याचे त्यांना कौतुक वाटले. आपल्या पेजेच्या ताटाकडे पाहून कोणी असे लिहिले असते तर आपल्यालाही बरे वाटले असते.

शिकवायला गेलेल्या माणसाला आधी एका घराचा शिष्य व्हावे लागले. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. मोठ्या माणसाला देणे सोपे जाते. घेणे, विचारणे, चुकणे आणि दुसऱ्याच्या पोराबाळांनी आपल्या उच्चारांना हसणे, हे सोसायला निराळे बळ लागते. प्रभूने बहात्तर शिष्यांना पाठवले तेव्हा काय सोबत घेऊ नका ते सांगितले, आणि पाठोपाठ एकाच घरी राहा, पुढे वाढतील ते खा, असेही सांगितले. आपण पहिल्या भागावर प्रवचने ऐकतो. दुसरा भाग आपल्याला किरकोळ वाटतो, पण परक्या स्वयंपाकघरात सहा महिने काढणाऱ्याला विचारा.

या अवलंबून राहण्याची किंमतही झेवियर यांनी मोजली. देवासाठी जपानी शब्द कोणता, असे त्यांनी अंजिरोला विचारले. अंजिरो विद्वान नव्हता. त्याने 'दाइनिची' हा शब्द सुचवला, आणि झेवियर तोच शब्द वापरून उपदेश करू लागले. पुढे 1551 साली यामागुची येथे त्यांच्या लक्षात आले की दाइनिची हे बौद्ध पंथातल्या एका बुद्धाचे नाव आहे. तेव्हापासून त्यांनी लॅटिन 'देउस' हाच शब्द धरला. एका घराकडून शिकलेले सगळेच त्या देशाचे सत्य नसते. आपल्या मुलीनेही हे ध्यानात ठेवावे: यजमान आई सांगेल ते त्या घरापुरते खरे, सगळ्या जपानपुरते नव्हे. आपल्याकडेही आचऱ्याचा माणूस आणि मालवणचा माणूस एकच कालवण एकसारखे करत नाही.

आता आपल्या भाषेच्या मुलखातला एक मुलगा. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. पोरवयातच ते जपानला गेले. जपानी भाषा त्यांना इतकी चांगली आली की ते तिथे जेज्वितांचे धर्मशिक्षक झाले. त्या वेळी जपानीचे छापील व्याकरण नव्हते. रॉड्रिग्ज यांचे व्याकरण नागासाकीला छापले गेले ते 1604 पासून पुढे. भाषा यायची ती माणसांत राहूनच, बाजारात, दारात, जेवताना. जेज्वित संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते व्यापारात पडले, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि 1593 साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात फ्रान्सिस्कनांचे दुभाषे म्हणून परतले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. 1862 साली त्यांना संत घोषित केले गेले. वसईत गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. ज्या देशाने त्यांना पोरवयात बोलायला शिकवले त्याच देशाच्या राज्यकर्त्याने त्यांना मारले, आणि तरीही ते तिथे परतले होते. याचा उलगडा आम्ही करू शकत नाही. एवढेच दिसते की त्यांनी जपानशी केलेला हिशेब बिलाचा नव्हता.

इतका वेळ पाहुण्याच्या बाजूने बोललो. यजमानाची बाजू कमी अवघड नाही, आणि तिच्यासाठी 1883 या एकाच वर्षी परदेशी गेलेल्या दोन मराठी स्त्रिया आठवतात.

आनंदीबाई जोशी 18 वर्षांच्या असताना 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या. त्याआधी त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली होती. उत्तरात ख्रिस्ती होण्याची अपेक्षा होती. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना वाचला. त्यांनी पत्र लिहून आपले घर देऊ केले. अट काहीच नाही. आनंदीबाई जूनमध्ये पोहोचल्या आणि पहिला उन्हाळा त्यांच्याच घरी राहिल्या. साडी, कुंकू, शाकाहार सगळे तसेच ठेवले. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि वर्षही पुरते झाले नाही तोच 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवण्यात आल्या. कार्पेंटर कुटुंबाच्या पोकीप्सी येथील दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. एका ख्रिस्ती कुटुंबाच्या थडग्यांमध्ये एका हिंदू मुलीचे नाव. कोण म्हणून राहिली, या प्रश्नाचे उत्तर तिथे दगडावर आहे.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला वाँटेज येथील अँग्लिकन सिस्टरांकडे गेल्या आणि सप्टेंबरात त्यांचा व त्यांच्या लहान मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. प्रेम खरेच होते. पण सिस्टरांना वाटे की धर्म स्वीकारला तर सगळेच आपल्यासारखे व्हावे. रमाबाई मांस-अंडी खात नाहीत, यात त्यांना जातीचा जुना अभिमान दिसे. रमाबाई म्हणत, माझा विवेक मी कोणाच्या हवाली केलेला नाही. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्यांची पत्रे पुढे 1977 साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना दोघींचाही राग येतो आणि दोघींविषयीही आदर वाटतो. नाते मात्र तुटले नाही. छोटी मनोरमा सिस्टर जेराल्डिनला 'आजीबाई' म्हणायची, आणि वाद घालणाऱ्या रमाबाईही त्यांना पत्रात तेच म्हणत.

आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून वाँटेजची गोष्ट आम्हाला जास्त टोचते. ज्याला आपण घर दिले, जेवू घातले, ज्याच्या आजारपणात उशाशी बसलो, तो आपल्यासारखा व्हावा असे वाटणे माणसाचे आहे. त्यात लबाडी नसते. पण पाहुणचारातून ऋण निर्माण होते, हक्क निर्माण होत नाही. हे विचित्र ऋण आहे: घेणाऱ्याने ते जन्मभर मानावे आणि देणाऱ्याने एकदाही आठवण करून देऊ नये. सावकार नसलेले कर्ज. आपण घरी मुलांनाही "तुझ्यासाठी एवढे केले" असे ऐकवतो, तेव्हा दुसऱ्याच्या मुलीला ते न ऐकवणे किती कठीण, याचा विचार करावा.

आईचा दुसरा प्रश्न धर्माचाच होता. त्या घरात मृतांसाठी छोटा देव्हारा असेल, आजोबांच्या तसबिरीपुढे सकाळी उदबत्ती आणि भात ठेवतील. नववर्षाला सगळे देवळात जातील. हिने काय करायचे? आणि रविवारी घरच्यांनी सहल ठरवली तर मिस्सेचे काय? याविषयी घाबरून जाण्याचे कारण नाही. जपानमधल्या कॅथलिकांपुढे हा पेच जुनाच आहे. 1936 साली रोमने त्यांना सांगितले की देशप्रेम व आदर यांची खूण म्हणून होणाऱ्या समारंभांना, आणि आज निव्वळ सभ्यता व जिव्हाळा यांचा अर्थ उरलेल्या अंत्यविधी-लग्नांतल्या चालींना, त्यांनी उपस्थित राहायला हरकत नाही. तेव्हा आजोबांच्या तसबिरीपुढे मान लवून उभे राहायला आपल्या मुलीने कचरू नये. कोणाच्या मृतांना मान देणे हे आपल्याकडे नोव्हेंबरात आपण करतोच. मिस्सेविषयी तिने पहिल्याच आठवड्यात साधेपणाने सांगावे, सहलीच्या आदल्या रात्री नव्हे. उशिरा सांगितलेली श्रद्धा यजमानाला तक्रारीसारखी वाटते. जवळ चर्च नसेल त्या रविवारी काय करायचे, ते फादरांशी आधीच बोलून ठेवावे.

मग ती तिथे कोण म्हणून राहणार? आम्हाला वाटते, शिकणारी म्हणून. पाण्याचे बूच न काढायला शिकणारी, ताटातल्या अनोळखी गोष्टीचे नाव विचारणारी, आणि आपल्या घरात काय करतात ते विचारल्यावर लाज न बाळगता सांगणारी. पहिल्या महिन्यात ती भाडेकरूसारखी वागेल, संकोचाने. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात केव्हातरी कोणाचे तरी मन दुखवेल, कारण तोवर ओळख झालेली असेल. माफी मागावी लागेल, अपुऱ्या जपानीत. आमचा अंदाज असा की 'तादाइमा' हा शब्द खरा झाला तर तो त्या माफीनंतरच होईल.

हे सगळे आम्ही गेल्या रविवारी त्या बाईंना थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग यजमानांसाठी भेट काय न्यावी, याची चर्चा झाली. आमसुले न्यावीत असे ठरले. ती टिकतात आणि त्यांच्याकडे मिळत नाहीत. सोलकढी कशी करायची ते मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात करून दाखवील, नारळ मिळाला तर.

जाता जाता आम्ही सहज म्हटले की त्या घरातही हिच्याच वयाची मुलगी आहे, पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे यायची म्हणाली तर? बाई एकदम गप्प झाल्या. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोलीत तिला ठेवायचे नाही, एवढे त्यांनी लगेच ठरवले. ती खोली पैसेवाल्यांची. मग घरात कुठे? आमच्यात किती माणसे, मे महिन्यात उकाडा किती, तिला तिखट चालेल का, रापणीच्या वासाने तिला मळमळेल का, शेजारीपाजारी दिवसभर बघायला येतील त्याचे काय. आणि नाताळला आली तर तिला मध्यरात्रीच्या मिस्सेला न्यायचे की घरी झोपू द्यायचे?

"तिका इचारूचा," त्या शेवटी म्हणाल्या. आणि घरी गेल्या गेल्या मागल्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घ्यायचे त्यांनी नवऱ्याला सांगितले, असे कळते.